होणाऱ्या बाबासाठी: पोटातल्या बाळाचा माग कसा ठेवायचा

आधी महिने सोडा आणि आठवडे मोजायला लागा. नातेवाईक 'कितवा?' असं विचारतात, त्यांना महिना सांगून भागतं. पण 'पाचवा लागला', 'पाचवा चालू आहे' आणि 'पाच भरले' यांत चांगला महिनाभराचा घोळ असतो. डॉक्टरांच्या फाइलवर २२+३ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे बावीस आठवडे पूर्ण आणि वर तीन दिवस. वाढीचं प्रत्येक कोष्टक, प्रत्येक तपासणीची वेळ, प्रत्येक इंजेक्शन या आकड्यावर चालतं. तो आकडा तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे.

मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते. त्यामुळे पहिले दोन आठवडे कागदावर गरोदरपण असतं, पोटात काहीच नसतं. टेस्टवर दोन रेघा उमटतात तेव्हा चार आठवडे होऊन गेलेले असतात आणि बाळाचं खरं वय जेमतेम दोन. गर्भशास्त्राची पुस्तकं गर्भधारणेपासून मोजतात, दवाखाना पाळीपासून मोजतो. 'आठव्या आठवड्यात बोटं फुटतात' असं कुठे वाचलंत तर हे आठ कुठून मोजलेत ते आधी बघा. इथून पुढे मी सगळीकडे दवाखान्याचेच आठवडे वापरतोय.

प्रसूतीची तारीख काढायची सोपी रीत अशी: पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा. हे साधारण २८० दिवस होतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. ती पाळीचं चक्र २८ दिवसांचं धरून चालते. कुणाची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर गर्भ आठवडाभर उशिरा राहिलेला असतो आणि हिशेब तेवढाच चुकतो. म्हणून पहिली सोनोग्राफी महत्त्वाची, आणि सुट्टी एकदाच मिळणार असेल तरीही तिच्यासाठी विचार करावा अशी.

आकडे आणि त्यांची चूक

आता थोडं माझ्या धंद्याबद्दल. मी वेल्ड तपासतो. पाइपच्या जोडावर जेल लावायचं, प्रोब फिरवायचा, आत गेलेला अल्ट्रासाउंड कुठून परत येतो ते पडद्यावर बघायचं आणि आत भेग आहे की नाही ते लिहून द्यायचं. बायकोच्या पोटावर जेल लावलं गेलं तेव्हा मला फार अनोळखी काही वाटलं नाही. फ्रिक्वेन्सीसुद्धा जवळपास तीच, दोन ते पाच मेगाहर्ट्झ. हे नातं जुनं आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून एका बॉयलर कारखान्यात गेले होते, तिथल्या धातूतली भेग शोधायच्या यंत्राने त्या तपासून बघायला. पुढे टॉम ब्राऊन या इंजिनिअरने त्यांच्यासाठी यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. आज तुमच्या हातात जो रिपोर्ट येतो त्याची सुरुवात अशी लोखंडातून झाली.

हे सांगायचं कारण एवढंच की आमच्या धंद्यात टॉलरन्सशिवाय कुठलाही आकडा लिहीत नाहीत. मोजमाप २५ आलं म्हणजे ते २५ नसतं, २५ उणे-अधिक काहीतरी असतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचताना ही एक सवय लावून घेतलीत तर निम्म्या रात्री शांत झोप लागेल.

पहिल्या तिमाहीत बाळ डोक्यापासून ढुंगणापर्यंत मोजतात, त्याला सीआरएल म्हणतात. सात ते दहा आठवड्यांच्या दरम्यान ही लांबी रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. सुरुवातीच्या आठवड्यांत मिलिमीटरमधल्या सीआरएलमध्ये ४२ मिळवले की गरोदरपणाचे दिवस मिळतात. १६ मिलिमीटर असेल तर ५८ दिवस, म्हणजे आठ आठवडे दोन दिवस. हा हिशेब मी तिथल्या तिथे मनात केला आणि रिपोर्टशी जुळला तेव्हा उगीचच खूश झालो. या काळात सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे या मोजमापाची चूक फार थोडी, काही दिवसांचीच असते. पाळीची तारीख आणि हे मोजमाप यांत पाच-सात दिवसांहून जास्त फरक असेल तर डॉक्टर सोनोग्राफीची तारीख धरतात.

एकदा धरलेली तारीख मग हलवायची नाही. पुढच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी यंत्र स्वतःहून एक नवी तारीख छापतं, कधी चार दिवस अलीकडे, कधी आठवडाभर पलीकडे. ती बघून 'बाळ लवकर येणार' असं घरात जाहीर करू नका. विसाव्या किंवा तिसाव्या आठवड्यात बाळं आपापल्या चणीप्रमाणे लहान-मोठी झालेली असतात. यंत्र फक्त एवढंच म्हणत असतं की या मापाचं सरासरी बाळ इतक्या आठवड्यांचं असतं. पहिल्या रिपोर्टवरची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहा आणि बाकीच्या तारखा वाचून सोडून द्या.

मधल्या आणि शेवटच्या रिपोर्टमध्ये चार अक्षरजोड्या पुन्हा पुन्हा येतात. बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी म्हणजे डोक्याचा घेर, एसी म्हणजे पोटाचा घेर आणि एफएल म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी. विसाव्या आठवड्यात डोक्याची रुंदी साधारण ४७ मिलिमीटर आणि मांडीचं हाड साधारण ३३ मिलिमीटर असतं. चारांपैकी पोटाचा घेर सर्वांत बोलका, कारण बाळाच्या यकृतात साठा होतो आणि पोषण कमी पडलं तर आधी तिथे उतरतं. डोकं शेवटपर्यंत सांभाळलं जातं.

या चारांतून यंत्र वजन काढतं. वजन म्हणजे मोजमाप नव्हे, अंदाज. खरं वजन त्याच्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतं. रिपोर्टवर २.८ किलो लिहिलंय म्हणजे बाळ २.४ चं असेल किंवा ३.२ चंही असेल. मी कारखान्यात असला टॉलरन्स लिहून दिला असता तर गेटबाहेर काढलं असतं, पण इथे दुसरा इलाज नाही: बाळ हलतंय, वळलेलं आहे, आणि त्याच्या हाडाची दोन टोकं पडद्यावर माणूस हाताने ठरवतो. एकदा नीट बघा. डॉक्टर चित्र थांबवतात, एक फुली हाडाच्या एका टोकाला ठेवतात, ट्रॅकबॉल फिरवत दुसरी फुली पलीकडच्या टोकाला नेतात, मधे ठिपक्यांची रेघ येते आणि कोपऱ्यात आकडा उमटतो. ते चित्र आवडलं नाही तर प्रोब किंचित तिरका करून पुन्हा. प्रोबचा कोन बदलला की हाड आखूड दिसतं. चांगला माणूस दोन-तीनदा मोजतो आणि त्या वेळी बोलत नाही. त्यांच्या गप्प बसण्यावरून काहीही ताडू नका. आम्हीही मोजताना बोलत नाही.

म्हणून एकट्या आकड्याला अर्थ कमी, मागच्या आकड्याशी जोडलेल्या रेषेला जास्त. बाळ दर वेळी विसाव्या पर्सेंटाइलला असेल, म्हणजे त्याच आठवड्याच्या शंभर बाळांत वीस त्याच्याहून लहान असतील, तर ते लहान चणीचं, पण व्यवस्थित वाढणारं बाळ आहे. साठवरून पंचविसावर आणि तिथून आठावर घसरलं असेल तर विचारायलाच हवं. साधारणपणे दहाच्या खाली गेलं की डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात, नाळेतला रक्तप्रवाह बघणारी डॉपलर सोनोग्राफी करतात. दोन वाढीच्या सोनोग्राफींमध्ये दोन-तीन आठवडे तरी जाऊ द्यावे लागतात. त्याआधी पुन्हा मोजलं तर वाढ दिसते की यंत्राची चूक दिसते ते कुणालाच सांगता येत नाही.

ॲपमधली फळं

बाळ आज अमुक फळाएवढं झालं असं रोज सकाळी सांगणारी ॲप सगळेच टाकतात. मीही टाकलं होतं. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या: विसाव्या आठवड्याच्या सुमाराला अनेक कोष्टकांत बाळ एका आठवड्यात दहा-बारा सेंटिमीटरने वाढल्यासारखं दिसतं. ते वाढलेलं नसतं, मोजायची पद्धत बदललेली असते. तोवर पाय दुमडलेले असतात म्हणून डोकं ते ढुंगण मोजतात, नंतर डोकं ते टाच. विसाव्या आठवड्यात पहिल्या पद्धतीने सुमारे १६ सेंटिमीटर, दुसऱ्या पद्धतीने सुमारे २५. बाळ तेच.

फळापेक्षा त्या आठवड्यात आत काय चाललंय ते वाचा, ते जास्त रंजक असतं. मेंदू आणि मज्जारज्जू बनवणारी नळी सहाव्या आठवड्याच्या आसपास बंद होते, म्हणजे पुष्कळ जणांना दिवस गेल्याचं कळायच्या सुमारालाच. फोलिक ॲसिड गरोदरपणाच्या आधीपासून घ्यायला सांगतात ते यासाठी. दुसरं बाळ हवं असेल त्यांनी हे आताच ध्यानात ठेवावं. सहाव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसू लागतात, नवव्याच्या सुमाराला ते मिनिटाला १७० च्या घरात जातात आणि मग हळूहळू कमी होत शेवटी ११० ते १६० मध्ये स्थिरावतात. पापण्या दहाव्या आठवड्याच्या सुमाराला मिटतात त्या थेट सव्विसाव्याच्या आसपास उघडतात. पाचवा महिना संपेपर्यंत बोटांचे ठसे कायमचे ठरलेले असतात. गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. बाळ ते गिळतं आणि पुन्हा सोडतं. रिपोर्टवर 'पाणी पुरेसं आहे' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात बाळाची मूत्रपिंडं आणि वार (प्लासेंटा) नीट काम करताहेत हेही आलं. अट्ठाविसाव्या आठवड्यात वजन साधारण एक किलो. फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट चोविसाव्या आठवड्याच्या आसपास बनू लागतं आणि पुरेसं व्हायला पस्तिसावा-छत्तिसावा उजाडतो. पस्तिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच असतं. शेवटचे आठवडे नुसते चरबी भरायचे असतात, हा समज सोडून द्या.

कुठल्या तपासणीला जायचं

सगळ्या तपासण्यांना जाणं जमलं तर उत्तमच. नसेल जमत तर माझ्या मते तीन सोडू नका.

पहिली वर सांगितलेली, सहा ते नऊ आठवड्यांतली. तिथे तारीख ठरते, गर्भ गर्भाशयातच आहे ना, एकच आहे की जुळी, ठोके आहेत का, हे कळतं. बायकोच्या शेजारी माणूस हवं असायचं आणखी एक कारण म्हणजे कधीकधी ठोके नसतात. कळलेल्या गरोदरपणांपैकी दहा ते वीस टक्के पहिल्या काही महिन्यांतच थांबतात, आणि बहुतेकदा कारण गुणसूत्रांतला दोष असतो. तिने काय उचललं, कुठे प्रवास केला, याच्याशी त्याचा संबंध नसतो. हे वाक्य तुम्हाला आधीपासून माहीत असलं पाहिजे, कारण त्या दिवशी ते तिला सांगायला दुसरं कुणी असेलच असं नाही.

दुसरी अठरा ते बावीस आठवड्यांतली, जिला ॲनॉमली स्कॅन, म्हणजे अवयवांतले दोष शोधणारी सोनोग्राफी म्हणतात. ही सर्वांत मोठी. हृदयाचे चार कप्पे, पाठीचा कणा, ओठ, जठर, दोन्ही मूत्रपिंडं, हातापायांची हाडं, नाळेतल्या तीन रक्तवाहिन्या, वार कुठे चिकटली आहे, सगळं एकेक करून बघतात. वेळ लागतो. बाळ पालथं असेल तर 'फिरून या' म्हणतात, किंवा आठवड्याने पुन्हा बोलावतात. पुन्हा बोलावलं म्हणजे दोष सापडला असं नाही. बहुतेकदा एखादी बाजू दिसलेलीच नसते. वार खाली आहे असं या वेळी लिहून आलं तरी लगेच धसका घेऊ नका. गर्भाशय वाढतं तशी ती वर सरकते, आणि बहुतेकींच्या बाबतीत शेवटपर्यंत अडचण उरत नाही. वार पुढच्या बाजूला आहे की मागच्या, ते मात्र टिपून ठेवा. त्याचं काम पुढे आहे. रिपोर्टमध्ये एखादा न कळणारा शब्द आला तर तो अक्षर न् अक्षर वहीत उतरवा आणि डॉक्टरांना विचारा. रात्री एक वाजता मोबाइलवर शोधलेल्या शब्दाचा अर्थ नेहमीच सर्वांत वाईट निघतो.

तिसरी छत्तिसाव्या आठवड्याची. बाळाचं डोकं खाली आहे का ते इथे पक्कं होतं. अट्ठाविसाव्या आठवड्यात चारातलं एक बाळ पायाळू असू शकतं, पूर्ण दिवसांवर तीन-चार टक्केच उरतात. त्यामुळे सातव्या महिन्यात पायाळू म्हटलं म्हणून सिझेरियनची चर्चा सुरू करू नका.

दरम्यान ज्या साध्या तपासण्या होतात त्यांत नर्स टेपने पोटाची उंची मोजते, जांघेतल्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या कडेपर्यंत. विसाव्या आठवड्यात ही कड बेंबीपाशी येते आणि पुढे सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात, उणे-अधिक दोन. तीस आठवडे, तीस सेंटिमीटर. वीजही न लागणारी ही मापनपद्धत मला फार आवडली.

तुमच्या स्वतःच्या तपासण्याही यात येतात, आणि पुरुष त्या पुढे ढकलतात. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तुमचा कोणता, हे पहिल्याच भेटीत विचारतात. तुमचा पॉझिटिव्ह असेल तर अट्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला आणि बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर प्रसूतीनंतर ७२ तासांत तिला अँटी-डी नावाचं इंजेक्शन लागतं. ती थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक निघाली तर तुमचीही तपासणी लगेच व्हायला हवी, कारण दोघं वाहक असलात तर चारातल्या एका बाळाला आजार व्हायची शक्यता असते आणि पुढच्या तपासण्यांना वेळ पुरला पाहिजे. डांग्या खोकल्याच्या लसीबद्दल स्वतःसाठीही विचारा. घ्यायची असेल तर बाळ यायच्या निदान दोन आठवडे आधी. सिगारेट ओढत असाल तर गॅलरीत जाऊन ओढणं हा उपाय नव्हे.

हात ठेवायची वेळ

बाळाची हालचाल तिला सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यात कधीतरी कळू लागते. पहिलटकरणीला बहुधा उशिरा, आणि वार पुढच्या बाजूला असेल तर आणखी उशिरा, कारण लाथ आधी वारेच्या गादीवर बसते. बाहेरून तुमच्या हाताला लागायला त्यानंतर आणखी काही आठवडे जातात.

माझी एक वही होती, डाव्या पानावर रिपोर्टचे आकडे आणि उजव्या पानावर ती जे म्हणेल ते, तिच्याच शब्दांत. त्यातली ही एक नोंद: '२१+४. रात्री. बेंबीखाली डावीकडे. म्हणते, मासा वळल्यासारखं झालं. मला काही लागलं नाही.' पुढे पानभर 'मला काही लागलं नाही' असंच आहे. मग एके रात्री ती कुशीवर पडून मोबाइल बघत होती, माझा हात नेहमीच्या जागी होता आणि आतून तळहाताच्या मधोमध एक टिचकी बसली. मी हात उचलला, का ते माहीत नाही. ती मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "अरे, ठेव ना, अजून देतंय."

काही कामाच्या गोष्टी. ती चालत असते, काम करत असते तेव्हा बाळ बहुधा झोपलेलं असतं. ती आडवी झाली की जागं होतं. म्हणून रात्रीची वेळ बरी. हात आधी चोळून ऊन करा, सपाट ठेवा, दाबू नका आणि काही मिनिटं तसाच राहू द्या. दर दहा सेकंदांनी 'आता? आता?' विचारलंत तर ती वैतागते. बाळाची झोप वीस ते चाळीस मिनिटांची असते, क्वचित दीड तासाची. ठरावीक तालात, काही मिनिटं चालणारे छोटे धक्के म्हणजे उचक्या. डोकं खाली असेल तर लाथा बरगड्यांकडे लागतात आणि उचक्या खाली ओटीपोटाकडे.

अट्ठाविसाव्या आठवड्यानंतर हा खेळ राहत नाही, तपासणी होते. प्रत्येक बाळाची हालचालीची आपली एक रीत असते आणि ती तिला माहीत होते. काही डॉक्टर दोन तासांत दहा हालचाली असा हिशेब देतात. तुमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं असेल ते पाळा. 'शेवटी जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं' हे वाक्य कुणीही, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी मानू नका. हालचालींचा पोत बदलतो, लाथांऐवजी लोळणं जास्त जाणवतं, पण त्यांची संख्या घटत नाही. ती म्हणाली की आज कमी वाटतंय, तर गोड खायला देऊन, गार पाणी पाजून वाट बघत बसू नका. फोन करा आणि त्याच दिवशी जा, रात्र असेल तर रात्री. तुमचं काम तिथे एवढंच की 'उगीच त्रास कशाला द्यायचा त्यांना' असं ती म्हणायला लागली की तोवर गाडीची किल्ली हातात असली पाहिजे.

घरी बाळाचे ठोके ऐकायला वापरायचं डॉपलर यंत्र विकत घेऊ नका. हे मी यंत्रावर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतोय. न शिकलेल्या हाताला त्यातून तिच्याच रक्तवाहिनीचा किंवा वारेतल्या प्रवाहाचा आवाज सहज मिळतो आणि 'ठोके आहेत' म्हणून माणूस निवांत होतो. दवाखान्यात ठोके ऐकवतात तेव्हा एक करून बघा: तिच्या मनगटावर बोट ठेवा. तिची नाडी ८० च्या आसपास आणि स्पीकरवरचा आवाज १४० च्या आसपास, दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

बोलायचं का?

बोला. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या सुमाराला बाळ आवाजाला दचकू लागतं, आणि आधी खालचे सूर पोचतात, नंतर वरचे. पुरुषी आवाज त्या दृष्टीने सोयीचा. पण फुगून जाऊ नका. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवलं की नवजात बाळं आईचा आवाज ओळखून तोच पसंत करतात. हाच प्रयोग १९८४ मध्ये वडिलांच्या आवाजावर झाला तेव्हा बाळांना दोन पुरुषांच्या आवाजांतला फरक कळत होता, पसंती मात्र बापाला मिळाली नाही. आईचा आवाज हाडामांसातून आतच जातो, तुमचा बाहेरून. मी पोटाशी तोंड नेऊन दिवसभरात कुठले जोड फेल झाले ते सांगायचो. भाषण करायला लाज वाटत असेल तर हा मार्ग चांगला आहे. पोटावर हेडफोन लावू नका. आत आवाज केवढा होतो ते तुम्हाला कळत नाही.

वही दवाखान्यात न्या

आकड्यांबरोबर तिचं रक्तदाबाचं माप वहीत असू द्या. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्यावर गेलं, डोकं सतत दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, चेहरा-हात एकदम सुजले, बरगडीखाली दुखलं, तर तो प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणातला रक्तदाबाचा धोकादायक आजार असू शकतो आणि तो सकाळपर्यंत थांबत नाही. रक्त जाणं, पाणी जाणं, ताप, तळहात-तळपायांना असह्य खाज, हेही लगेच कळवायचं.

ठरलेल्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात. सदतिसाव्या आठवड्यापासून बॅग भरलेली असू द्या आणि तारीख उलटली तरी रोज 'काही होतंय का?' विचारू नका, आजूबाजूचे सगळे विचारतच असतात. एक्केचाळीस आठवड्यांच्या सुमाराला डॉक्टर कळा आणायचं बोलतील; त्या वेळीही हालचाल तशीच मोजायची.

कळा सुरू झाल्या की दोन वेळा लिहा: कळ कधी सुरू झाली, कधी संपली. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं, डॉक्टरांनी आधी बोलावलं असेल तर आधी. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी कळवायचं, आणि पाण्याचा रंग बघून ठेवायचा. हिरवट किंवा तपकिरी असेल तर थांबायचंच नाही. फोनवर या क्रमाने सांगा: किती आठवडे किती दिवस, कितवं बाळंतपण, कळा किती मिनिटांनी, पाणी गेलं का, किती वाजता आणि कुठल्या रंगाचं, रक्त आहे का, बाळ हलतंय का, रक्तगट कोणता. वहीचं शेवटचं पान यासाठी कोरं ठेवा. आणि फाइल बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली नको, हातात घ्या, दारातच मागतात.